लग्नसराई, पेंटियम आणि एक प्लॅस्टिकची पिन

मे महिना, जळगाव, दुपारचे अडीच. ज्यांनी खानदेशचा उन्हाळा पाहिलाय त्यांना पुढचं वर्णन लागणार नाही, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना ते करून पटणार नाही. तर अशा दुपारी बाबांच्या डीटीपीच्या दुकानात एक लग्नपत्रिका अर्धी टाईप झालेली असायची. वरपक्षाचे दोन काका बाकावर बसून निमंत्रकांत कुणाचं नाव आधी यावं यावर वाद घालत असायचे. आणि तेवढ्यात 'ठक्क'. स्क्रीन काळी, कॉम्प्युटर बंद.

"लाईट गेली का?"

"नाही हो, पंखा चालूय की."

मग बाबा माझ्याकडे बघायचे. ते मशीन २००५ साली असेंबल करून घेतलेलं, तेव्हा मी तिसरीत होतो. सकाळी गिऱ्हाईक यायच्या आधी मी त्यावर गाड्यांचा गेम खेळायचो. त्यामुळे "याच्या गेमनं मशीन तापतं" हा निकाल घरात कायमचा लागलेला होता. त्यावर अपील नव्हतं. मग दुकानातला मोठा कूलर गिऱ्हाईकाकडून वळवून कॉम्प्युटरकडे तोंड करून ठेवला जायचा, आणि दोन्ही काका उपरण्यानं वारा घेत वाद पुढे चालू ठेवायचे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या मे महिन्यात बाबांनी फोनवर सांगितलं, "ते जुनं मशीन माळ्यावरून काढलंय. दहा मिनिटंसुद्धा चालत नाही. रिपेरवाला म्हणाला बोर्ड गेला, भंगारात द्या. तू एकदा बघतोस का?"

आता २००५ चं मशीन भंगारात द्यायला कुणाची हरकत असणार? पण त्यात आमचा कुळवृत्तांत आहे. २००६ ते २००९ या काळात रोज संध्याकाळी दुकान बंद केल्यावर आजोबा सांगायचे आणि बाबा टाईप करायचे. कोण कुठून आलं, कुणाची जमीन कशात गेली, कोणत्या आत्या कुठे दिल्या, असं सगळं. आजोबा २०१० मध्ये गेले. फाईल तिथेच राहिली.

तुमच्यातले जाणकार लगेच म्हणतील, हार्ड डिस्क काढ आणि कॉपी कर. ते मी पहिल्यांदा केलं. पण फाईल युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधली, माझ्या लॅपटॉपवर ती म्हणजे नुसती अगम्य चिन्हांची रांग. कन्व्हर्टर लावून पाहिला, तर रफार भलत्याच अक्षरावर आणि जोडाक्षरांची वाट. कुळवृत्तांतात नावंच चुकली तर राहिलं काय? ज्या पॅकेजमध्ये ती केली ते पॅकेज पॅरलल पोर्टला डोंगल लावल्याशिवाय उघडत नाही, आणि आजच्या लॅपटॉपला पॅरलल पोर्ट कुठून आणायचा? म्हणजे मशीन जिवंत करणं आलंच. फक्त तासभर चाललं तरी पुरे होतं, पीडीएफ काढण्यापुरतं.

शुक्रवारी रात्रीची गाडी पकडली आणि शनिवारी सकाळी कॅबिनेट उघडून बसलो. (आपल्याकडे या अख्ख्या डब्यालाच 'सीपीयू' म्हणतात. खरा सीपीयू आतमध्ये हीटसिंकखाली दडलेला असतो.)

पहिला प्रश्न असा, की मशीन बंद कोण करतंय? एसएमपीएस दगा देतोय, बोर्ड गेलाय की उष्णता? याची साधी परीक्षा आहे. गार मशीन चालू केलं तर ते आठ मिनिटं चालत होतं. बंद पडल्यावर लगेच चालू केलं तर मिनिटभरही नाही. अर्धा तास थांबून केलं तर पुन्हा आठ मिनिटं. म्हणजे दोष तापण्यातच होता. बायोसची बॅटरी मेली होती ती बदलली आणि बायोसमधलं हार्डवेअर मॉनिटरचं पान उघडून नुसता बघत बसलो. ६१, ६८, ७५, ८२... ९० ला 'ठक्क'. लहानपणीचा तोच आवाज!

मग अर्धा तास थांबायचं. त्या दिवशी असे पाच-सहा अर्धे तास मिळाले. या उष्णतेचं आपल्या धंद्याशी नातं किती जुनं आहे याचा विचार मी त्यातच केला, आणि खरं तर आजचा लेख त्यावरच आहे.

सुरुवातीपासूनच बघा. फिलाडेल्फियाचा एनिॲक लोकांसमोर आला १९४६ मध्ये. त्यात सुमारे १८,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या आणि तो खायचा १५० किलोवॉट वीज. व्हॅक्यूम ट्यूब म्हणजे आत तापलेली तार असलेली काचेची नळी, तापल्याशिवाय ती काम करतच नाही. म्हणजे गणित करायचं तर आधी खोली तापवायची! म्हणून एनिॲकला मोठाले ब्लोअर होते आणि कपाटांमध्ये थर्मोस्टॅट होते. एखादं कपाट जास्त तापलं की वीज तोडायची. आमच्या दुकानातलं 'ठक्क' हे इतकं जुनं आहे. आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक सुरू झाला. त्यातही २,७०० ट्यूब होत्या.

या काळात उष्णता ही इमारतीची डोकेदुखी होती. गणित करणाऱ्यानं गणित करायचं आणि ताप ब्लोअरवाल्याकडे द्यायचा.

मग ट्रान्झिस्टर आला आणि त्यातून इंटिग्रेटेड सर्किट. १९६५ मध्ये गॉर्डन मूर यांनी 'इलेक्ट्रॉनिक्स' मासिकात तो प्रसिद्ध लेख लिहिला, ज्यातून पुढे 'मूरचा नियम' निघाला. तो नियम सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच लेखात उष्णतेवर एक छोटा भाग आहे, तो फारसा कुणी सांगत नाही. एका चिपवर हजारो घटक बसवले तर त्यांची उष्णता काढता येईल का, असा प्रश्न मूर स्वतःच विचारतात आणि काळजीचं कारण नाही असं उत्तर देतात. चिप सपाट असते, त्यामुळे प्रत्येक तापणाऱ्या बिंदूजवळ गार करायला पृष्ठभाग मिळतो. शिवाय घटक लहान झाले की तेवढ्याच उष्णतेत जास्त वेगानं चालवता येतात.

हे का होतं ते १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड यांनी सहकाऱ्यांसोबत नीट मांडलं. (आपल्या रॅममधली एका ट्रान्झिस्टरची मेमरीही यांचीच. २०२४ मध्ये ते वारले.) इथे थोडं गणित आहे, पण बारावीच्या पलीकडचं नाही. चिपची शक्ती ही कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग गुणिले वारंवारता या हिशेबानं जाते. आता ट्रान्झिस्टरची लांबी-रुंदी ०.७ पट करा. कपॅसिटन्स ०.७ पट होतो. व्होल्टेजही ०.७ पट करा, त्याचा वर्ग झाला साधारण ०.५. वेग मात्र १.४ पट वाढवा. सगळ्यांचा गुणाकार येतो जवळपास अर्धा. आणि क्षेत्रफळ? तेही अर्धं. म्हणजे तेवढ्याच जागेत दुप्पट ट्रान्झिस्टर, दीडपटीच्या आसपास वेग, आणि उष्णता पूर्वीइतकीच!

असा सौदा दुसऱ्या कुठल्या धंद्यात असेल असं वाटत नाही. दर दोन-तीन वर्षांनी सगळं लहान करा, बाकी फुकट. सॉफ्टवेअरवाल्यांना तर काहीच करायचं नव्हतं. प्रोग्रॅम हळू चालतोय? थांबा दीड वर्ष. नवं मशीन येईल आणि तोच प्रोग्रॅम पळायला लागेल.

प्रत्यक्षात हा सौदा पुरता पाळला गेला नाही. व्होल्टेज हवं तेवढं कमी केलं गेलं नाही आणि वेग मात्र हवा त्यापेक्षा जास्त वाढवला गेला, कारण बाजारात गिऱ्हाईक मेगाहर्ट्झ बघूनच खरेदी करायचं. १९७१ चा इंटेल ४००४ एका वॉटपेक्षाही कमी खायचा. ३८६ च्या जमान्यापर्यंत प्रोसेसर बहुतेक उघडाच असायचा. ४८६ च्या वेगवान मॉडेल्सवर हीटसिंक आणि छोटे पंखे दिसू लागले. १९९३ मध्ये पहिला पेंटियम ६० आणि ६६ मेगाहर्ट्झचा आला, तोही ५ व्होल्टचा, आणि पंखा ही नेहमीची गोष्ट झाली. ताप आता चिपवाल्याकडून पंखेवाल्याकडे आला.

इथे माझा पहिला अर्धा तास संपला. मशीन गार झालं होतं, म्हणून प्रोसेसरचा पंखा उतरवला. फिन्सच्या वर धूळ नव्हती, धुळीचं घोंगडं होतं! कूलरची ओलसर हवा आम्ही प्रेमानं मशीनवर सोडायचो ना, त्या ओलीनं धूळ फिन्समध्ये थापून बसली होती. म्हणजे मशीन गार करायचा आमचा उपायच त्याला गुदमरवत होता. ब्रशनं साफ केलं, पंखा फिरवून पाहिला, नीट फिरत होता. बोर्डावरचे कपॅसिटर फुगलेत का बघितलं, नव्हते. चालू केलं. आठाऐवजी अकरा मिनिटं. पुन्हा 'ठक्क'.

पुन्हा अर्धा तास.

२००१ च्या फेब्रुवारीत चिपवाल्यांच्या एका मोठ्या परिषदेत इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी धोक्याची घंटा वाजवली. असंच चालू राहिलं तर दर चौरस सेंटीमीटरला निघणारी उष्णता आधी अणुभट्टीच्या, मग रॉकेटच्या नोझलच्या आणि शेवटी सूर्याच्या पृष्ठभागाच्या पातळीला जाईल, असा त्यांचा हिशेब होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टॉम्स हार्डवेअरनं एक व्हिडिओ प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी चालू प्रोसेसरवरचे हीटसिंक काढून टाकले. त्या वेळचे ॲथलॉन धूर काढून मेले. पेंटियम ४ नं मात्र स्वतःचा वेग कमी केला आणि तो रखडत का होईना चालत राहिला, कारण त्याच्या आतच तापमान बघणारी यंत्रणा होती. पुढे असं संरक्षण सगळीकडेच आलं. तेव्हा लक्षात घ्या, लग्नपत्रिकेच्या मधोमध मशीन बंद पडणं हा बिघाड नव्हता. मशीन स्वतःचा जीव वाचवत होतं.

पण पेंटियम ४ ची मूळ रचनाच वेगासाठी केलेली. २००० मध्ये तो आला तेव्हा हीच रचना पुढे १० गिगाहर्ट्झपर्यंत जाईल अशी स्वप्नं बघितली जात होती. मग २००४ च्या फेब्रुवारीत 'प्रेस्कॉट' आला. ९० नॅनोमीटर, साडेबारा कोटी ट्रान्झिस्टर, ३१ टप्प्यांची पाईपलाईन. नवी प्रक्रिया म्हणजे उष्णता कमी व्हायला हवी होती. झालं उलटंच, वरची मॉडेल्स १०० वॉटच्या पुढे गेली. चिपचा आकार जेमतेम ११२ चौरस मिलिमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ९० वॉटच्या आसपास. हजार वॉटची इस्त्री घ्या, तिचा तळ साधारण दोनशे चौरस सेंटीमीटर धरा, तर तिथे येतात ५ वॉट. इस्त्रीच्या अठरा पट दाटीची उष्णता, आणि तिच्यावर एक पंखा!

कारण काय, तर गळती. ट्रान्झिस्टर इतके लहान झाले होते की बंद असतानाही त्यांच्यातून करंट झिरपत होता. नळ बंद केला तरी थेंब थेंब पाणी गळावं तसं, आणि असे नळ साडेबारा कोटी. व्होल्टेज आणखी कमी करायचं तर ट्रान्झिस्टर उघडायची मर्यादाही खाली आणावी लागते, आणि ती आणली की गळती प्रचंड वाढते. डेनार्डच्या सौद्यातला व्होल्टेजचा हप्ता थकला. १९९३ ला ५ व्होल्ट, २००४ ला सव्वा-दीडच्या मधे कुठेतरी, आणि आजही आपण साधारण एक-सव्वा व्होल्टच्या आसपासच अडकलोय.

मे २००४ मध्ये इंटेलनं 'तेहास' हा पुढचा प्रोसेसर रद्द केला आणि आपण एकाच चिपवर दोन कोअर बसवण्याकडे वळतोय असं जाहीर केलं. ऑक्टोबरमध्ये ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ रद्द झाला, आणि कंपनीचे प्रमुख क्रेग बॅरेट यांनी ऑर्लँडोच्या एका परिषदेत चक्क गुडघे टेकून गमतीनं माफी मागितली. तिकडे इस्रायलमधल्या हैफाच्या टीमनं लॅपटॉपसाठी वीज वाचवणारा पेंटियम एम केलेला होता, तो बाजारात आला होता २००३ मध्ये. त्याच वळणावरचा कोअर २ ड्युओ जुलै २००६ मध्ये डेस्कटॉपवर आला. ६५ वॉट, कमी गिगाहर्ट्झ, आणि तरीही पेंटियम ४ पेक्षा सरळसरळ वेगवान.

आता हा आकडा बघा. १९९३ मध्ये ६६ मेगाहर्ट्झ, २००४ मध्ये ३.८ गिगाहर्ट्झ. अकरा वर्षांत ५७ पट. आणि २०२३ मध्ये बाजारात आलेले वरचे डेस्कटॉप प्रोसेसर? जास्तीत जास्त ६ गिगाहर्ट्झ, तेही एखाद-दोन कोअरवर आणि थोडा वेळ. एकोणीस वर्षांत दीड-पावणेदोन पटीच्या मधे.

मग ताप गेला कुठे? तर तो आपल्याकडे आला मंडळी. सॉफ्टवेअरवाल्यांकडे. मार्च २००५ मध्ये हर्ब सटर यांनी 'डॉ. डॉब्ज जर्नल'मध्ये लेख लिहून फुकटचं जेवण आता बंद झालं असं स्पष्ट सांगितलं. यापुढे प्रोग्रॅम पळवायचा असेल तर तो अनेक कोअरवर वाटून लिहावा लागेल. थ्रेड, लॉक, रेस कंडिशन, या ज्या गोष्टींनी आपल्या रात्री खाल्ल्या त्यांच्या मुळाशी ही न निघणारी उष्णता आहे. इंजिनिअरिंगला असताना मला वाटायचं, पॅरलल प्रोग्रॅमिंग हा कुणातरी हुशार माणसानं काढलेला पुढचा सुंदर टप्पा आहे. तसं नाहीये. तो मुख्यतः नाईलाज आहे.

आणि इथे मला ऑफिसमधली एक गोष्ट आठवली. आमचा रात्रीचा एक रिपोर्ट साडेचार तास घेतो म्हणून मी मागच्याच महिन्यात नवा, जास्त वेगाचा सर्व्हर मागितला होता. आहे त्या सर्व्हरला १६ कोअर. रिपोर्ट चालू असताना एक कोअर १०० टक्के, बाकीचे पंधरा हातावर हात ठेवून. तो कोड कुणाचा? माझाच. म्हणजे २००५ साली संपलेल्या जेवणाच्या पंगतीत मी अजून ताट घेऊन बसलो होतो.

असो. अर्धा तास झाला.

आता हीटसिंक पूर्ण उतरवायचा होता. वाळलेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावणार होतो. त्या काळच्या एलजीए ७७५ बोर्डांवर हीटसिंक चार प्लॅस्टिकच्या पिनांवर बसायचा. पिन सोडायची तर बाणाच्या दिशेनं फिरवायची आणि ओढायची. परत लावताना आधी ती उलटी फिरवून मूळ जागी आणायची आणि मग दाबायची. नाही आणली तरी ती आत जाते, पण लॉक होत नाही.

तीन पिना बरोबर होत्या. चौथी सोडायच्या दिशेला फिरलेलीच होती. त्या कोपऱ्यात हीटसिंक केसभर उचललेला, आणि जुन्या पेस्टवर अर्ध्या भागातच दाबल्याचा ठसा.

बाबांना म्हटलं, "हा हीटसिंक कुणी काढला होता आधी?"

बाबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तूच की. दहावीच्या आधीच्या सुट्टीत. म्हणालास, साफ करतो, आता तापणार नाही."

सकाळपासून मी एनिॲक काढला, प्रेस्कॉट काढला, रिपेरवाल्याला मनातल्या मनात नावं ठेवली. आणि बोट कुणाचं निघालं? त्या सुट्टीनंतर मशीन जास्तच बंद पडायला लागलं, म्हणून बाबांनी नवं घेतलं आणि हे माळ्यावर गेलं. नव्या मशीनवर ते डोंगल कधीच चाललं नाही, आणि कुळवृत्तांताचं शेवटचं प्रकरण राहिलं ते राहिलंच. आजोबा गेल्यावर ते बाबा एकटे लिहिणार होते.

बाबा मला काही बोलले नाहीत. तेव्हाही बोलले नव्हते. गेमसाठी मात्र रोज बोलायचे.

पेस्ट लावली, चारही पिना फिरवून मूळ जागी आणल्या आणि एकेक दाबली. प्रत्येकीचा 'टक' आवाज ऐकल्याशिवाय पुढे गेलो नाही. बायोसचं पान उघडलं. ४९, ५४, ५८, ६०, ६१. आणि ६१ वरच थांबलं. बाहेर ४४ होतं. पंधरा मिनिटं आम्ही दोघं त्या आकड्याकडे बघत होतो. आई चहा ठेवून गेली, तो गार झाला.

डोंगल लावलं, पॅकेज उघडलं, फाईल उघडली. १४३ पानं. सगळे रफार आपापल्या जागी. पीडीएफ निघायला चाळीस मिनिटं लागली आणि मशीन एकदाही बंद पडलं नाही.

मला वाटलं काम झालं. शटडाऊन करायला माऊस हातात घेतला तर बाबा म्हणाले, "राहू दे चालू." खुर्ची पुढे ओढून शेवटच्या पानावर गेले, आणि त्या जुन्या कीबोर्डवर टाईप करायला लागले. मी कूलरचं तोंड मशीनकडून बाबांकडे वळवलं.

पुण्याला आल्यावर सोमवारी नव्या सर्व्हरची मागणी मी मागे घेतली. रिपोर्ट आता आठ भागांत वाटून चालतो, पन्नास मिनिटं लागतात. अजून कमी होतील. एका जागी लॉक चुकीचं पडलंय, ते पुढच्या शनिवारी बघतो.